लस नाकारायची तर सही तुमची हवी

चतुर्थीच्या दिवसांत आमच्या दवाखान्यात दोन प्रकारचे पेशंट जास्त असतात. एक, मोदक आणि करंज्या खाऊन पोट बिघडलेले. दुसरे, मुंबईहून आलेले. चाकरमानी रात्रभराचा प्रवास करून गावी पोचतात, पोरांची सर्दी-खोकला सोबत आणतात आणि परत निघण्यापूर्वी "डॉक्टर, सगळ्यांना एकदा बघून टाका" म्हणून सांगतात. अशाच एका संध्याकाळी एक तरुण अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन आला. मूल ठणठणीत होते. माझा स्टेथोस्कोप ओढत होते.

"काय होतेय याला?" मी विचारले.

"काही नाही काका. एक सर्टिफिकेट हवे होते."

मुंबईतल्या बालवाडीने प्रवेशाच्या वेळी लसीकरणाचे कार्ड मागितले होते. कार्डावर जन्माच्या वेळी दिलेली बीसीजी, पोलिओचा थेंब आणि काविळीची लस एवढीच नोंद. पुढचे रकाने कोरे. या तरुणाला मी लहानपणापासून ओळखतो. त्याला त्रिगुणी लस मीच टोचली होती आणि तेव्हा त्याने सारी गल्ली गोळा केली होती. तो म्हणाला, "मुलाला लसींची ॲलर्जी आहे एवढेच तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या. तुम्ही घरातलेच, म्हणून तुमच्याकडे आलो."

"ॲलर्जी आहे का?"

"नाही. पण मला लस देणे मनापासून पटत नाही. आणि सुप्रीम कोर्टाने सांगितलेय, सक्ती करता येत नाही."

मी दाखला दिला नाही. पण त्याला हाकलूनही दिले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सवडीने बोलावले. त्या बोलण्यातून हा लेख तयार झाला. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. कोविडनंतर असे प्रश्न विचारणारे पालक वाढले आहेत, म्हणून हे सर्वांसाठी लिहीत आहे.

दंडावरच्या खुणा

वाचकांपैकी जे पन्नाशीच्या पुढे आहेत त्यांनी आपला दंड पाहावा. तिथे देवी टोचल्याचा गोल, खोलगट व्रण सापडेल. माझ्याही दंडावर आहे. आमच्या लहानपणी 'देवी डॉक्टर' वाडीत आला की पोरे माडांच्या मागे, खोपीत, मिळेल तिथे लपत. मोठी माणसे त्यांना शोधून आणत. टोचून घ्यायचे की नाही हे कोणी कोणाला विचारत नसे.

देवीची लस आपल्या देशात प्रथम मुंबईत दिली गेली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षे समजावून, आमिष दाखवून, कधी दरडावून काम चालले. मग कायदे आले. मुंबई शहरासाठी १८७७ साली, देशातल्या नगरपालिका आणि छावण्यांसाठी १८८० साली आणि मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांसाठी १८९२ साली. सरकार जिथे कायदा लागू करील तिथे मुलाला ठरल्या वयात देवी काढून घेणे आईबापांवर बंधनकारक झाले. न घेतल्यास नोटीस, मग मॅजिस्ट्रेट, मग दंड.

त्या काळी लोकांचा विरोध अडाणीपणाचा होता असे म्हणून आपण मोकळे होतो. ते पूर्ण खरे नाही. देवी हा रोग नव्हे, देवीचा कोप आहे, तिला टोचून अडवू नये, अशी श्रद्धा होती. लस वासराच्या अंगावरच्या फोडांतून काढीत, म्हणून अनेकांना ती धर्माविरुद्ध वाटे. शिवाय तेव्हा एका मुलाच्या हातावरच्या फोडातले द्रव दुसऱ्याला टोचण्याचीही पद्धत होती, आणि त्यातून दुसरे रोग जाण्याची भीती खोटी नव्हती.

इंग्लंडने काढलेली वाट

गंमत अशी की याच काळात साहेबाच्या स्वतःच्या देशात लसीच्या सक्तीविरुद्ध रान पेटले होते. इंग्लंडात १८५३ साली तान्ह्या मुलांना देवी काढणे सक्तीचे झाले. १८६७ साली कायदा आणखी कडक केला. दंड भरूनही लस दिली नाही तर पुन्हा दंड. कामगारांच्या घरातले सामान जप्त होई, काही बाप तुरुंगात गेले. १८८५ साली लेस्टर शहरात हजारोंचा प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी सरकारने आयोग नेमला. तो १८८९ ते १८९६ अशी सात वर्षे बसला.

त्यानंतर १८९८ साली नवा कायदा झाला. त्यात प्रथमच अशी सोय केली की, लसीने आपल्या मुलाच्या प्रकृतीला अपाय होईल असे ज्या पालकाला प्रामाणिकपणे, सदसद्विवेकबुद्धीने वाटते, त्याने न्यायाधीशांपुढे यावे, आपले म्हणणे पटवावे आणि सूट घ्यावी. युद्धात शस्त्र उचलायला मनाच्या कौलाने नकार देणाऱ्यांना इंग्रजीत जे नाव आहे, ते आधी या लस नाकारणाऱ्या आईबापांमुळे रूढ झाले. १९०७ साली प्रक्रिया सोपी झाली. न्यायाधीशाची खात्री पटवायची गरज उरली नाही, शपथेवर निवेदन पुरे झाले. १९४८ साली सक्तीच संपली.

यातली एक गोष्ट मी त्या तरुणाला मुद्दाम सांगितली. त्या कायद्याने पालकाला नकाराचा हक्क दिला, पण तो चोरून बजावायचा नव्हता. पालकाला स्वतः जावे लागे, स्वतःच्या नावाने सांगावे लागे. आणि लेस्टरचे लोक लस नाकारून हातावर हात ठेवून बसले नाहीत. देवीचा रोगी सापडला की लगेच कळवायचे, त्याला वेगळ्या इस्पितळात ठेवायचे, घरातल्या माणसांवर नजर ठेवायची, घर स्वच्छ करायचे, अशी शिस्त त्या शहराने पाळली. नकार होता, आणि नकाराची किंमतही ते मोजत होते.

गांधीजी आणि साबरमतीची देवी

आपल्याकडे या प्रश्नावर सर्वांत मोठे नाव महात्मा गांधींचे. ते देवी काढण्याच्या विरोधात होते, हे अनेकांना माहीत नसते. १९१३ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत असताना आरोग्यावर त्यांनी जी लेखमाला लिहिली, तिच्यात हा विरोध स्पष्ट आहे. लस गाई-वासरांना पीडा देऊन तयार होते हा त्यांचा धर्माचा आक्षेप, आणि ती अस्वच्छ आहे हा आरोग्याचा आक्षेप. पण त्यांनी पुढे हेही बजावले की, ज्याला मनापासून लस नको त्याने कायद्याची शिक्षा सोसायची तयारी ठेवावी, आणि जो आरोग्याचे कारण देतो त्याने त्या विषयाचा पुरता अभ्यास करावा.

१९३० च्या सुरुवातीला, दांडीयात्रेची तयारी चालू असताना, साबरमती आश्रमात देवीची साथ आली. आश्रमातली तीन मुले गेली. त्यात आश्रमाचे संगीतशिक्षक पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचा मुलगा होता. खरे हे आपले मराठी गायक, विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. आश्रमाची भजने त्यांनीच बसवलेली. मुलगा गेल्यावर थोड्याच दिवसांत, १२ मार्च १९३० रोजी, ते गांधीजींबरोबर दांडीला चालत निघाले.

हा प्रसंग आठवला की मी अस्वस्थ होतो. त्या माणसांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. कोणी खोटा दाखला मागितला नव्हता, कोणी जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली नव्हती. तरीही मुले गेली. म्हणजे मनाचा कौल शुद्ध असला तरी तो जंतूला कळत नाही. आणि दुसरी गोष्ट, कौल मोठ्यांचा होता, आजार लहानांना झाला.

सक्ती कुठवर जाते

याचा अर्थ सक्ती चांगली, असा मी काढत नाही. महाराष्ट्राला सक्तीचा इतिहास चांगला ठाऊक आहे. १८९७ साली साथरोगांचा कायदा आला, पुण्यात प्लेगच्या नावाखाली सोजिरांनी घरे धुंडाळली, आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची आपली नवी लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. मग स्वेच्छेने पुढे आलेल्यांना दिली. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात.

देवीच्या शेवटच्या मोहिमेत, १९७४-७५ च्या सुमारास, बिहारसारख्या प्रांतांत काही ठिकाणी माणसांना धरून टोचले गेले. हे त्या मोहिमेतल्याच डॉक्टरांनी नंतर लिहून ठेवले आहे. हो आदिवासींच्या एका गावातला मुखिया दैवाच्या इच्छेत ढवळाढवळ नको म्हणून नकार देत होता. रात्री दार फोडून त्याला आणि घरच्यांना टोचले. झटापट संपल्यावर त्याने आपल्या परसातली काकडी तोडून त्याच लोकांना खायला दिली. त्याचे म्हणणे असे की, मी माझ्या धर्माप्रमाणे विरोध केला, तुम्ही तुमच्या धर्माप्रमाणे टोचलेत, आता तुम्ही माझे पाहुणे. देवीचे निर्मूलन झाले. भारतातला शेवटचा रोगी मे १९७५ मधला, आणि ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त जाहीर झाले. पण त्या काकडीची गोष्ट वाचली की मान खाली जाते.

माझीही एक चूक इथे सांगतो. नव्याने दवाखाना थाटला तेव्हाची, नव्वदच्या दशकातली गोष्ट. किनाऱ्यावरच्या एका वाडीत एका घरात गोवराची लस घ्यायला तयार नव्हते. घरचे आजोबा म्हणाले, "डॉक्टरांनु, आमी देवाक इचारतलंव. कौल झालो तर पोराक घेवन येतलंव." मी तरुण होतो, डोक्यात पदवीची हवा होती. मी हसलो, आणि वर दम दिला, "कायदा आहे. पोलीस येतील." असा कोणताही कायदा तेव्हा नव्हता. मी चक्क खोटे बोललो.

आजोबा शांतपणे म्हणाले, "पोलिसांची भीती कोणाक दाखवतास?" आणि उठून गेले. त्यानंतर त्या घराने माझ्याकडे येणे सोडलेच, नर्सबाईंनाही दारात उभे करीनात. वर्षभरात त्या मुलाला गोवर झाला, गोवरातून न्यूमोनिया झाला. माझ्याकडे आणायचा संकोच म्हणून दोन दिवस घरीच काढे चालले. मुलाला जिल्ह्याच्या इस्पितळात न्यावे लागले. देवाच्या दयेने वाचला. आज तो ट्रॉलरवर जातो.

त्याच घरातल्या पुढच्या बाळाला मात्र लस मिळाली. ती माझ्यामुळे नव्हे. वाडीतल्याच माहेरवाशीण असलेल्या एका नर्सबाई आजोबांना म्हणाल्या, "चला, कौल लावूया, मी पण येतंय." त्या देवळात बसल्या, गाऱ्हाणे ऐकले, कौल झाला आणि दुसऱ्या दिवशी बाळाला टोचले. मी कायद्याचा धाक घातला तिथे दार बंद झाले. बाईंनी मान दिला तिथे उघडले.

आजचा कायदा काय म्हणतो

आता त्या तरुणाच्या सुप्रीम कोर्टाकडे येऊ. त्याचे अर्धे बरोबर होते.

देवी गेल्या तसे देवीच्या सक्तीचे कायदे निर्जीव झाले. १९७८ पासून देशात बालकांच्या लसीकरणाचा कार्यक्रम आहे, १९८५ पासून तो सार्वत्रिक झाला, १९९५ पासून पल्स पोलिओ सुरू झाला. हे सारे समजावून, घरोघर जाऊन केले. बालकांना या लसी दिल्याच पाहिजेत, नाहीतर दंड, असा केंद्राचा कायदा आज नाही. तरीही १३ जानेवारी २०११ नंतर देशात रानटी पोलिओचा एकही रोगी सापडलेला नाही.

जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे शाळांतल्या गोवर-रुबेला मोहिमेचा प्रश्न आला. पालकांची संमती घ्या आणि त्यांना लसीची माहिती द्या, असे न्यायालयाने सांगितले. कोविडच्या काळात आपल्या राज्यात लोकलने प्रवास करायला दोन डोसांची अट आली. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२२ मध्ये कोविडचे निर्बंध उठले तेव्हा ही अटही गेली. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निकाल दिला. न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती गवई यांच्या पीठाने सांगितले की, स्वतःच्या शरीरावरचा अधिकार हा घटनेच्या २१ व्या कलमात येतो, कोणालाही बळाने लस टोचता येणार नाही.

पण निकाल इथेच संपत नाही, आणि मोबाइलवर फिरणारा कागद नेमका इथे संपतो. न्यायालयाने हेही म्हटले की, सार्वजनिक आरोग्यासाठी शासन व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर वाजवी बंधने घालू शकते, फक्त ती कारणाच्या प्रमाणात हवीत. कोविडच्या बाबतीत लस न घेतलेला माणूस घेतलेल्यापेक्षा जास्त रोग पसरवतो, असा पुरावा न्यायालयासमोर आला नाही, म्हणून त्या वेळचे निर्बंध प्रमाणाबाहेरचे ठरले. न्यायालयाने लसीकरणाचे धोरण रद्द केले नाही. लसीनंतरच्या त्रासाची नोंद सामान्य माणसाला आणि खासगी डॉक्टरला सहज करता यावी, असे मात्र बजावले. ते योग्यच झाले.

बाहेरच्या देशांतही अशीच तोलामोलाची भाषा आहे. अमेरिकेत जेकबसन नावाच्या पाद्र्याने देवी काढायला नकार दिला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५ साली पाच डॉलरचा दंड कायम केला. कॅलिफोर्निया राज्याने २०१५ साली कायदा करून शाळेसाठी वैयक्तिक मताच्या आधारे मिळणारी सूट काढून टाकली. आपल्याकडची जी कुटुंबे तिकडे आहेत त्यांना हे कार्ड जपावेच लागते. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये चेक देशातल्या पालकांचा दावा फेटाळला. लस नाही तर दंड आणि बालवाडीत प्रवेश नाही, हे त्या न्यायालयाला चालले. टोचण्यासाठी बळ वापरले जात नव्हते, हे त्याने ध्यानात घेतले.

कोविड वेगळा, गोवर वेगळा

कोविडच्या लसीचा राग काढून गोवराच्या लसीवर ठेवू नका, असे मी त्याला म्हणालो. गोवर हा माणसाला होणाऱ्या अत्यंत सांसर्गिक रोगांपैकी एक. लस नसलेल्या वस्तीत एक रोगी बारा ते अठरा जणांना रोग देतो. रोगी खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहतो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून तो पसरू लागतो, म्हणजे आपल्याला कळायच्या आत. त्याला अडवायचे तर शंभरात पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळालेले हवेत. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडी, शेजारी भिवंडी आणि तिकडे मालेगाव इथे गोवराची साथ आली आणि मुले दगावली. कोविडच्या दोन वर्षांत राहून गेलेले डोस हे त्यामागचे एक मोठे कारण.

आता विचार करा, माझ्या दवाखान्याच्या बाकावर कोण बसते? सहा महिन्यांचे बाळ, ज्याला वयामुळे अजून गोवराची लस देता येत नाही. कर्करोगाचे औषध चालू असलेले मूल, ज्याला जिवंत विषाणूची लस चालत नाही. त्यांच्या आईबापांना निवड करायची सोयच नाही. तुमच्या मुलाची लस हीच त्यांची लस. म्हणून लसीचा नकार हा आपल्या अंगणापुरता नसतो. मीठ खायचे की सोडायचे, हे माझे मी ठरवीन. विहिरीत काय टाकायचे, हे एकट्याने ठरवता येत नाही.

त्याला ऑटिझमची भीती होती. ती १९९८ च्या एका इंग्रजी लेखातून पसरली. तो लेख ज्या नियतकालिकाने छापला त्यानेच २०१० साली मागे घेतला, आणि लिहिणाऱ्या डॉक्टरचे नाव त्याच वर्षी वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले. लसीने त्रास होतच नाही असे मात्र मी सांगणार नाही. ताप येतो, मांडी सुजते, मूल रात्रभर किरकिरते. गंभीर ॲलर्जी होते, पण ती दहा लाख डोसांमागे एखाद्याला. म्हणूनच टोचल्यावर अर्धा तास थांबा म्हणतो, ते उगाच नाही.

खरी वैद्यकीय कारणे थोडी आहेत. त्याच लसीच्या आधीच्या डोसाने जिवावर बेतलेली ॲलर्जी, प्रतिकारशक्ती फार खालावलेली असणे, डांग्या खोकल्याच्या लसीनंतर आठवड्याभरात मेंदूचा गंभीर विकार झालेला असणे. अशा मुलाला मी स्वतःहून दाखला देईन. साधी सर्दी, जुलाब, दात येणे, घरातल्या कोणाला दमा असणे, ही कारणे नव्हेत.

मी काय सांगितले

शेवटी मी एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. म्हटले, "तुझा नकार मला मान्य नाही, पण तो तुझा आहे. तो तू लिही. 'मी पूर्ण माहिती घेऊन माझ्या मुलाला लस देत नाही' असे लिही आणि खाली सही कर. शाळेने काय करायचे ते शाळा ठरवील. पण ॲलर्जीचे खोटे लिहून माझ्या सहीमागे लपू नकोस. उद्या याला खरोखर इस्पितळात न्यावे लागले तर तिथला डॉक्टर हा दाखला बघून जीव वाचवणारे धनुर्वाताचे इंजेक्शनही द्यायला कचरेल. आणि खोटा दाखला देणे हा माझ्या व्यवसायात गुन्हा आहे. २००२ च्या आचारसंहितेत तसे स्पष्ट लिहिले आहे."

त्याने पेन घेतले. पहिली ओळ लिहिली. मग बराच वेळ थांबला. मूल टेबलाखाली शिरून माझ्या चपलेशी खेळत होते. कागदाची घडी करून खिशात घालत तो म्हणाला, "काका, हिच्याशी बोलतो." बायकोला त्याने विचारलेलेच नव्हते, हे तेव्हा कळले.

ज्यांचा आजही नकार आहे, त्यांना माझे एवढेच सांगणे:

१. नकार आईबाप दोघांनी मिळून, माहिती घेऊन ठरवा. 'राहून गेले' याला नकार म्हणत नाहीत.

२. खोटा दाखला मागू नका. डॉक्टरला खरे सांगा. जखम झाली, कुत्रा चावला, तर मुलाला लस झालेली नाही हे आधी सांगा.

३. अंगावर पुरळ आणि ताप दिसला तर मुलाला शाळेत, लग्नाला, जत्रेला नेऊ नका. दवाखान्यात येण्यापूर्वी फोन करा, म्हणजे बाकावरच्या तान्ह्या मुलांना दूर बसवता येईल.

४. वाडीत साथ आली तर मुलाला घरीच ठेवा आणि आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

५. आपला नकार शेजाऱ्यांच्या मोबाइलवर पाठवत बसू नका. त्यांचे मूल वेगळे आहे.

६. मन बदलले तर लाज वाटू देऊ नका. उशीर झाला तरी बऱ्याच लसी देता येतात. वर्षापुढच्या मुलाला सात वर्षांपर्यंत त्रिगुणी मिळते, गोवर-रुबेलाचे राहिलेले डोस पाच वर्षांपर्यंत मिळतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात हे सारे मोफत आहे.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना, नर्सबाईंना: दम देऊ नका. कायद्याचा तर नकोच, कारण तो नाही. पालकाच्या प्रश्नाला उत्तर द्यायला पाच मिनिटे जास्त लागली तर लागू द्या. माझी पाच मिनिटे वाचली तेव्हा एका पोराला ऑक्सिजनवर जावे लागले होते.

अनंतचतुर्दशी झाली, चाकरमानी परतले. गेल्या आठवड्यात त्या तरुणाचा फोन आला. मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यात मुलाला त्रिगुणीचा पहिला डोस आणि पोलिओ दिला. रात्री ताप आला होता, सकाळी उतरला. गोवराच्या लसीचे काय, असे मी विचारले.

"तेवढे अजून वाचतोय काका."

"वाच," मी म्हटले. "पण दिवाळीच्या आत वाचून संपव."